पाव वाटी तेल

शकीलभाईचा आवाज गेल्या आठ महिन्यांत मी फारसा ऐकलेला नाही. फोन केला तर उचलतो, "हां, बोल" म्हणतो, कामापुरतं बोलतो आणि ठेवतो. ज्या माणसाने फोनवर पाऊण तास हसवून माझ्या मोटारीचे वेढे चुकवले होते तो हाच, हे आता कोणाला सांगून पटणार नाही. म्हणून लिहून ठेवतो. मारेगावच्या साधनाताईंचं दुकान त्यांच्या हातून गेलं ते आमच्या एका गमतीमुळे. गंमत शकीलभाईची होती आणि तिला हातभार माझा होता. लिहिल्याने काही सुधारणार नाही, हे मला ठाऊक आहे.

शकीलभाई दिग्रसचा. जिनिंगच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याचं दुकान. जळालेल्या विजेच्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा. मोटार जळली म्हणजे आतली तांब्याची तार जळली. ती उपसून काढायची, नवी तार वेढे मोजून गुंडाळायची, खाचांत बसवायची, वरून वार्निश पाजायचं आणि ते कडक सुकू द्यायचं. याला आम्ही वाइंडिंग म्हणतो. मीही तेच करतो, पुसदला. शकीलभाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पन्नाशी ओलांडलेला. अंगाने आडवा, दाढी मेंदीने लाल, आणि उजव्या अंगठ्यावर तारेने पाडलेली कायमची खाच.

आमचा धंदा मुक्यांचा आहे. वेढे मोजताना बोलता येत नाही. कोणी "काय चाललंय" विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं की एकसष्ट होते की बासष्ट, गेलं. मग सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दिवसभर तोंड शिवून बसायचं आणि संध्याकाळी घरी गेलं तरी जीभ सुटत नाही. माझी बायको शीला म्हणते, तुमच्याशी लग्न केलं की भिंतीशी, कळत नाही. लॉकडाऊनमध्ये तार मिळेना, तेव्हा कोणाकडे काय शिल्लक आहे हे विचारायला शकीलभाईने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'तांबा मंडळ'. लॉकडाऊन संपला, ग्रुप राहिला. वर्ध्यापासून नांदेडपर्यंतची एकशे चाळीस मुकी माणसं तिथे बोलायला लागली. त्यांना बोलायला लावलं शकीलभाईने.

नवा माणूस आला की त्याची मस्करी करायची, हा मंडळाचा रिवाज. उमरखेडकडचा सेवादास आला तेव्हा शकीलभाईने त्याला गंभीरपणे कळवलं की गुरुवारी मंडळात सगळ्यांनी डाव्या हातानेच लिहायचं असतं. बिचारा दिवसभर डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत बसला आणि आम्ही सगळे हसून बेजार. मग संध्याकाळी शकीलभाई आपल्या कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवून त्याचा फोटो पाठवायचा. कप कान फुटलेला, मागे वार्निशचा डबा. खाली लिहायचा, "बसा भाऊ. आता तुम्ही घरचे." चहा आला की मस्करी बंद. त्यानंतर त्या माणसाने भर दुपारी काही विचारलं तरी दहा जण हातातलं काम टाकून खरं उत्तर द्यायचे. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

हा रिवाज त्याच्या उस्तादाचा. सतराव्या वर्षी शकीलभाई नागपूरला काम शिकायला गेला. पहिल्याच दिवशी उस्तादाने त्याला 'करंटचा डबा' आणायला पाठवलं. पहिल्या दुकानाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. दुपार उन्हात गेली. संध्याकाळी उस्तादाने आपल्या बशीत त्याला चहा ओतून दिला.

"त्या बशीनं मी नागपूरचा झालो," तो मला सांगायचा. "हे पाय धम्मा, ज्याची मस्करी केली नाही, तो पाहुणाच राह्यते. आन पाहुण्याले कोनी खरं सांगते का?"

मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मारेगावचे भीमराजभाऊ मला एकदाच भेटले, यवतमाळला, तारेच्या दुकानात. उन्हाळा होता. हडकुळा, लाजरा माणूस, बोलताना समोरच्याच्या खिशाकडे पाहायचा. मंडळाबद्दल कुठून तरी ऐकलेलं होतं. जाता जाता म्हणाले, "भाऊ, मलेबी घ्या ना त्या ग्रुपात. अठरा वर्षं झाले दुकान टाकून, पन बोलाले कोनी नाही." एका पावतीच्या मागे नंबर लिहून दिला. मी खिशात टाकला आणि विसरलो. मी असाच आहे, लोकांची कामं खिशात घालून फिरतो. जानेवारीत जुनी पँट धुवायला टाकताना शीलाने ती पावती काढून हातात दिली, तेव्हा मला लाज वाटली आणि मी लगेच नंबर मंडळात टाकला. त्या नंबरच्या प्रोफाइलचं चित्र त्यांच्या दुकानाच्या पाटीचं होतं: भीमराज मोटार वाइंडिंग, मारेगाव. मी लिहिलं, "हे भीमराजभाऊ. अठरा वर्षांचा हात आहे. सोडू नका यांना."

भीमराजभाऊ दिवाळीतच गेले होते. झोपेत अटॅक आला. मला ते माहीत नव्हतं, मंडळात कोणालाच नव्हतं. फोन त्यांच्या बायकोकडे होता.

तासाभराने त्या नंबरवरून प्रश्न आला. "नमस्कार. पिठाच्या चक्कीची दहा एचपीची मोटार भरली आहे. वार्निश घट्ट झालं आहे. पातळ करायला त्यात काय आणि किती टाकायचं?"

शकीलभाईचा मला लगेच फोन. "गडी लय पोचलेला हाय बे. आपलीच फिरकी घेऊन राह्यला." अठरा वर्षांचा कारागीर वार्निश पातळ कसं करायचं विचारतो, हे आम्हाला दुसरं काय वाटणार? ते तर पहिल्या आठवड्यात शिकायचं काम. मग मंडळाला जोर आला. एकाने सांगितलं, ताक टाका. दुसरा म्हणाला, ताकात जिरं विसरू नका. सेवादासने डाव्या हाताने ढवळायला सांगितलं. आणि शेवटी शकीलभाई आला. त्याची गंमत नेहमी चेहरा न हलवता. त्याने लिहिलं, "लिटरला पाव वाटी फल्लीचं तेल. कोमट करून, हळूहळू. आमच्या उस्तादाचा फॉर्म्युला."

फल्ली म्हणजे आमच्याकडे शेंगदाणा. वार्निशात खायचं तेल पडलं की ते जन्मात सुकत नाही. हे आमच्यातल्या कोणाला सांगावं लागत नाही, दुधात लिंबू पिळू नये हे जसं घरच्या बाईला सांगावं लागत नाही. म्हणूनच तर ती गंमत होती. मी खाली लिहिलं, "फॉर्म्युला पक्का आहे. मीही तेच वापरतो." हे वाक्य अजून तिथेच आहे. पुसायची मुदत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा विचारणा आली. "सुकायला बल्ब लावून रात्रभर ठेवलं. हाताला चिकट लागतं. चालेल का?"

आम्ही खदाखदा हसलो. गडी शेवटपर्यंत नाटक सोडत नाही, म्हणून आमच्या मनात त्याचा मान वाढला. शकीलभाईने लिहिलं, "चिकट लागलं म्हणजे पास. बसवून टाका." आणि संध्याकाळी चहाचा फोटो पाठवला. "बसा भीमराजभाऊ. आता तुम्ही घरचे." एकशे चाळीसपैकी निदान साठ जणांनी हात जोडले, फुलं पाठवली. तिकडूनही जोडलेले हात आले. झालं, स्वागत पार पडलं, आम्ही आपापल्या वेढ्यांकडे वळलो.

नवव्या दिवशी एक फोटो आला. मोटारीचं पोट उघडलेलं, तार काळीठिक्कर, आणि तारेवर जळलेल्या पिठाचे पापुद्रे. चिकट वार्निशावर नऊ दिवस चक्कीचं पीठ उडून बसत गेलं होतं, त्याचा थर झाला, आतली उष्णता आत कोंडली आणि मोटार गेली. पाहताक्षणी मला कळलं. फोटोखाली एक ओळ होती. "तेल किती कमी टाकायला पाहिजे होतं?"

कोणी काही लिहिलं नाही. एकशे चाळीस माणसांच्या फोनवर तो फोटो तसाच पडून होता.

शेवटी मी फोन लावला. बाईचा आवाज आला. "मी साधना बोलून राह्यली. भीमराजची मिसेस." त्या शांतपणे सांगत गेल्या, मी न विचारताही. नवरा गेल्यावर त्यांनी थोरल्या दिरांना, म्हणजे भासऱ्यांना, दुकान चालवू द्या म्हणून विनवलं होतं. जागा एकत्र, शब्द त्यांचा. भासरे म्हणाले, एक मोटार एकटीने भरून दाखव. महिनाभर चालली तर दुकान तुझं, नाही तर मी ते भाड्याने देतो. चक्कीवाल्याने भीमराजची ओळख म्हणून मोटार दिली. बारा वर्षं घरात बसून नवऱ्याच्या मोटारींचे वेढे साधनाताईच भरत होत्या, तार त्यांना येत होती. वार्निश तेवढं तो करायचा, अंगणाबाहेर झाडाखाली. मुलगी लहान असताना तिला त्या वासाने उलट्या व्हायच्या, तेव्हापासून त्याने ते काम घरात कधी येऊ दिलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. आणि नेमकी त्याच आठवड्यात मृत नवऱ्याच्या फोनवर आमच्या मंडळाची दारं उघडली.

"मले वाटलं, त्याईनंच धाडलं तुमाले," त्या म्हणाल्या.

शकीलभाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी मी पुसदहून एस.टी.त बसलो, दिग्रसला तो चढला. खांद्यावर नवी तार, हातात वार्निशचा सीलबंद डबा. यवतमाळला वणीची गाडी पकडली, मारेगाव त्याच वाटेवर. चक्कीवाल्याची मोटार दोन दिवसांत पुन्हा भरून द्यायची, भासऱ्यांपुढे चूक कबूल करायची आणि दुकान सोडवून घ्यायचं, असा त्याचा बेत. वाटेत तो स्वतःशीच बोटं मोजत होता. मी काही बोललो नाही, मोजणाऱ्याशी बोलू नये ही सवय.

दुकानाला कुलूप होतं. घर मागेच. साधनाताईंनी खुर्च्या टाकल्या, दहावीतल्या उज्ज्वलाला चहा ठेवायला सांगितलं. चाळिशीच्या आतल्या, पांढरी साडी, बोटांच्या टोकांना तारेचे घट्टे. जळालेली मोटार कोपऱ्यात पोत्यावर होती. चक्कीवाल्याने नवी विकत आणली होती आणि ही परत पाठवली होती. शकीलभाई खुर्चीवर न बसता तिच्यापाशी उकिडवा बसला. न जळालेल्या बाजूचे वेढे त्याने खिशातल्या बॅटरीच्या उजेडात मोजले. दोनदा मोजले.

"एक बी चुकला नाही," तो म्हणाला. "असं तर मले बी नाही जमत, ताई."

चहा आला. शकीलभाईने कप हातात धरून ठेवला.

"ताई, तेलाचं मी खोटं सांगितलं होतं. मस्करी होती ते. नव्या मानसाची आमी करतो."

"मस्करी?" त्या म्हणाल्या. त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. आतापर्यंत तेल जास्त झालं, आपलं माप चुकलं, असंच त्या समजत होत्या. "ताकाचं, जिऱ्याचं, ते मस्करी हाय हे समजलं मले, भाऊ. हसली बी मी. पन तुमी तं माप सांगितलं होतं."

शकीलभाईने न पिताच कप खाली ठेवला.

"तुमी बाई हाय, भीमराजभाऊ नाही, हे सांगितलं असतं तं..." मी म्हणालो. बोलून गेल्यावर मला माझीच चीड आली. चूक कोणाची आणि जाब कोणाला विचारतोय.

"सांगनार होती," त्या म्हणाल्या. "पन तुमी सगळे भीमराजभाऊ, भीमराजभाऊ म्हनून राह्यले. मले वाटलं, दोन दिवस ऱ्हाऊ द्याव त्याईले ग्रुपात. लय मन होतं त्याईचं." मग उज्ज्वलाकडे पाहून म्हणाल्या, "चहाचा फोटो आला तवा हिले दाखवला मी. म्हटलं, पाय, तुह्या बापाले घेतलं त्याईनं."

उज्ज्वला आत निघून गेली.

भासऱ्यांना बोलावणं गेलं होतं. उकंडाजी आले. साठीचे, स्वच्छ धोतर, चष्मा दोरीने गळ्यात. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. वाईट असता तर आम्हाला बरं पडलं असतं. शकीलभाईने उभं राहून सगळं सांगितलं. वाइंडिंग एकदम पक्कं होतं, दोष माझा, मी इथे बसून मोटार पुन्हा भरतो, अजून एक संधी द्या. म्हणताना त्याने हात जोडलेले होते. उकंडाजींना पटेना. ते म्हणाले, "कशावरून? हिच्यासाठी बोलून राह्यले असान तुमी." तेव्हा शकीलभाईने पुरावा म्हणून फोन उघडून त्यांच्या हातात दिला. मी अडवायला हवं होतं. मला वाटलं, आता काम झालं.

उकंडाजींनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं. ताक. जिरं. डावा हात. पाव वाटी तेल. मीही तेच वापरतो. चिकट लागलं म्हणजे पास. प्रत्येक ओळ सावकाश, ओठ हलवत. साधनाताई दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. वाचून झाल्यावर उकंडाजींनी फोन परत दिला.

"म्हंजे एवढ्या लोकाईनं मिळून हिले येडं बनवलं, आन हे बनली," ते म्हणाले. "मोटार चुकली असती तं मी म्हनलं असतं, शिकन. एकडाव अजून दिली असती. पन हिले तं कोनी बी काही बी सांगते आन हे आयकते. उद्या गिऱ्हाईक फसवन, परवा तारवाला फसवन. मी कोनाकोनाच्या मांगं फिरू?"

"तसं नाही हो, काकाजी," शकीलभाई म्हणाला. "आमी सांगितलंच तसं. कोनी बी फसलं असतं."

"तुमच्यातला फसला असता?"

खोटं बोलायची हीच वेळ होती आणि आयुष्यभर चेहरा न हलवता गंमत करणाऱ्या माणसाला ती साधली नाही.

उकंडाजी साधनाताईंकडे वळले, आवाज उतरवून म्हणाले, "तू घरी राह्य, बाई. तुले आन पोरीले काही कमी पडू देनार नाही मी." साधनाताईंनी मान डोलावली. आम्ही गेलो नसतो तर, आता कळतं, त्यांना आणखी एक मोटार मिळाली असती. काम चुकलेल्या बाईला दुसरी संधी होती. शंभर माणसांसमोर हसं झालेल्या बाईला नव्हती, आणि ते हसं आम्हीच त्यांच्या घरात नेऊन वाचायला दिलं होतं.

तार आणि वार्निश शकीलभाई तिथेच ठेवून निघत होता. साधनाताईंनी पिशवी उचलून त्याच्या हातात परत दिली. "आता कायले?" एवढंच म्हणाल्या.

यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसची गाडी लागायची होती. तो बाकावर बसून समोर पाहत होता. मग म्हणाला, "उस्तादानं मले तीन दुकानं फिरवलं. पन चहाच्या आंधी त्यानं सांगितलं होतं, धम्मा, का करंटचा डबा नसते म्हनून. मी चहा पाजला आन सांगाचं इसरलो." खरं तर तो एकटा विसरला नव्हता. मंडळातल्या कोणालाच ते आठवलं नव्हतं.

मारेगावच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शकीलभाई दुकान उघडतो, मोटारी भरतो. त्याची बायको, जुबैदाभाभी, सांगतात, चहा आता घरीच पितो, दुकानात नेत नाही. मंडळ त्याने बंद केलं नाही, सोडलंही नाही. तिथे आता कोणती तार कुठे मिळेल तेवढं लोक विचारतात आणि सांगतात. गुरुवारी कोणी डाव्या हाताने लिहीत नाही. नवीन माणसं आली तर त्यांचं कोणी काही म्हणत नाही, ती येतात आणि बसून राहतात. साधनाताई मंडळातून गेल्या नाहीत. त्या पाटीचं चित्र अजून आहे, आणि त्यांना काढून टाकायची आमच्यापैकी कोणाची छाती होत नाही.

गेल्या मंगळवारी वणीकडचा एक नवा कारागीर आला. आल्या आल्या त्याने नमस्कार केला आणि विचारलं, वार्निश पातळ करायला तुमच्याकडे काय टाकतात. सगळ्यांनी वाचलं. मी थिनरचं माप लिहायला घेतलं आणि थांबलो. 'माप' हा शब्द माझ्या हातून उमटेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शकीलभाई ऑनलाइन दिसत होता, लिहीत नव्हता.

मग त्या पाटीच्या चित्रावरून उत्तर आलं. "नमस्कार भाऊ. थिनर टाका, तेल टाकू नका. आणि इथले लोक काही बोलले तर मनावर घेऊ नका. नव्या माणसाला करतात ते तसं."

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. शकीलभाई होता.

"वाचलं?" त्याने विचारलं.

"वाचलं."

मग त्याने फोन ठेवला.